संक्रांत नक्की कधी? आणि हळदीकुंकू इतक्या लवकर का संपलं?

गेल्या महिनाभरात आलेले बरेचसे प्रश्न संक्रांत ते महाशिवरात्र या दिवसांबद्दलचे आहेत, त्यातले चार घेतेय. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण तो समजला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात.

प्रश्न : आमच्या लहानपणी संक्रांत म्हणजे १४ जानेवारी हे पक्कं असायचं. आता कधी १४ तर कधी १५, आणि आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडे तर १० तारखेलाच तिळगूळ मिळतो! खरी तारीख कुठली? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताई, आपले बहुतेक सण तिथीवर म्हणजे चंद्रावर चालतात म्हणून कॅलेंडरवर एवढे पुढेमागे होतात, संक्रांत मात्र सूर्याची. सूर्य मकर राशीत शिरला की संक्रांत. आता त्याला फिरून त्याच ठिकाणी यायला ३६५ दिवस, ६ तास आणि वर साधारण ९ मिनिटं लागतात, म्हणजे दरवर्षी हा क्षण सहा तासांनी उशिरा येतो आणि लीप वर्षातला २९ फेब्रुवारी उलटला की एक दिवस मागे ओढला जातो. तो क्षण संध्याकाळी उशिरा किंवा रात्री आला की पुण्यकाळ (स्नान-दानाची वेळ) दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून २०२४ ला १५ तारीख होती आणि २०२५, २०२६ ला १४. एवढंच.

पण याच्या आत अजून एक हळू सरकणं आहे. आपलं रोजचं कॅलेंडर सरासरी ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचं, म्हणजे दरवर्षी वीसेक मिनिटांचा फरक उरतोच, तो साठत साठत ७२ वर्षांत अख्खा एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, तारीख होती १२ जानेवारी १८६३! दीडशे-पावणेदोनशे वर्षांत १२ ची १४-१५ झाली ती अशी. तुमच्या नातवंडांच्या म्हातारपणी १४ तारखेची संक्रांत बहुतेक ऐकीव गोष्ट झालेली असेल.

आणि त्या १० तारखेच्या काकूंचंही चुकत नाहीये हं, त्यांच्या घरी टिळक पंचांग पाळत असणार. राशी आकाशात नेमक्या कुठून मोजायला सुरुवात करायची यावर पंचांगकर्त्यांत जुना वाद आहे, टिळक पंचांग रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापासून मोजतं आणि त्या हिशोबानं सूर्य मकरेत चार दिवस आधी पोचतो. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगवासाच्या आधी आणि नंतरही पंचांगशुद्धीसाठी किती जीव लावला होता हे आपल्या पुण्यातच आपण विसरत चाललोय याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या काकूंकडचा तिळगूळ अवश्य घ्या आणि त्यांना पंचांग दाखवा म्हणा, बघण्यासारखं असतं.

प्रश्न : संक्रांतीच्या दिवशीच पानिपत झालं म्हणून "संक्रांत आली" असं वाईट अर्थानं म्हणतात असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. खरं आहे का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली हे खरं. पण वर बघा, १८६३ मध्येच संक्रांत १२ ला होती, मग त्याच्या शंभर वर्षं आधी ती त्याहून आधीच्या तारखेला असणार, म्हणजे पानिपतच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली होती. वाईट अर्थ आला तो संक्रांत देवीच्या कथेवरून. तिनं संकरासुराला मारलं, दुसऱ्या दिवशी किंकरासुराला, तीच किंक्रांत. पंचांगात ती कशावर बसून येते, काय नेसते, कुठल्या दिशेला बघते हे दिलेलं असतं आणि ती जे वापरते ते महागतं, जिकडे बघते तिकडे संकट असा समज, त्यातूनच "संक्रांत कोसळली" आलं. आणि ते "यंदा मुलांवर संक्रांत आहे, अमुक मुलगे असणाऱ्या आईनं अमुक करा" वाले मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका, त्याला कशाचाही आधार नाही आणि घाबरतात मात्र बिचाऱ्या नव्यानं आई झालेल्या मुली.

प्रश्न : यंदा हळदीकुंकवाला जेमतेम बारा दिवस मिळाले! आणि रथसप्तमीला फ्लॅटमध्ये गोवऱ्या कशा पेटवणार, गॅसवर दूध उतू घातलं तर चालतं का? (एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : हळदीकुंकू सुरू होतं सूर्याच्या सणाला आणि संपतं चंद्राच्या तिथीला, माघ शुद्ध सप्तमीला म्हणजे रथसप्तमीला, तिथंच गंमत आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येते. २०२४ ला रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती तेव्हा महिनाभर वाण लुटलं, २०२५ ला ४ फेब्रुवारी आणि यंदा, २०२६ ला, थेट २५ जानेवारी. काळजी करू नका, यंदा ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे एक महिना जास्तीचा, त्यामुळे २०२७ ला ती १३ फेब्रुवारीवर जाईल, वाणाची खरेदी निवांत करा.

गॅसवर चालतं, खुशाल करा. माझी आजी शनिवार पेठेतल्या वाड्यात अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी काढून तिच्यापुढे तीन-चार गोवऱ्या रचायची, वर मातीचं बोळकं, आणि आम्ही पोरं कुडकुडत दूध कधी उतू जातंय बघत बसायचो, उतू गेलं की राहिलेल्या दुधात तांदूळ घालून खीर. मी आता तेच बोळकं पूर्वेच्या खिडकीत ठेवते आणि दूध गॅसवर. सूर्याकडे तोंड पाहिजे, बाकी अडत नाही.

त्या सकाळी एक बघा. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, खरं उत्तरायण तेव्हाच सुरू होतं (साधारण सतराशे वर्षांपूर्वी संक्रांतही त्याच दिवशी यायची). पण पुण्यात सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, सात दहाच्या आसपास, संध्याकाळ मात्र नोव्हेंबर संपतानाच लांबायला लागलेली असते. म्हणजे दिवस मोठा होतोय हे सकाळी उठणाऱ्या माणसाला जाणवतं ते संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या सुमारासच! रथ वळला असं ज्यांना पहिल्यांदा वाटलं असेल ते पहाटे उठणारेच असणार असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न : सूनबाई लखनौची आहे, ती म्हणते महाशिवरात्र फाल्गुनात येते, आपण म्हणतो माघात. कोण बरोबर? (एक वाचक, औंध)

उत्तर : दोघंही. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे आपला माघाचा वद्य पक्ष म्हणजे त्यांच्या फाल्गुनाचा पहिला पंधरवडा. दिवस तोच, यंदा १५ फेब्रुवारी. उपास दोघींनी एकत्रच करा, साबुदाण्याची खिचडी तुमची, कुट्टूची पुरी तिची.