हिप्पार्कोसच्या सारणीवरून आकाश-व्याप्तीचा नकाशा काढला, पण भोकंच भोकं दिसतात. ऑर्डर किती ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत बीएस्सीला आहात, प्रोजेक्टसाठी व्हिझिएर या खगोलीय सूचींच्या संकेतस्थळावरून हिप्पार्कोस उपग्रहाची तारकासूची उतरवून घेतलीत, सारण्या हाताळणाऱ्या स्टिल्ट्स या सॉफ्टवेअरच्या पिक्सफूट आज्ञेनं तिचा मॉक, म्हणजे आकाशाचा कोणता भाग पाहिला गेला ते दाखवणारा व्याप्तीचा नकाशा केलात आणि अलादीन या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर नुसते विखुरलेले ठिपके दिसले. बेळगाव भागातून त्यातलं किती आकाश हाती येतं, आणि खानापूरकडं तुमच्या ग्रुपनं काढलेल्या फोटोंचाही असा नकाशा होईल का, हेही विचारलंय.

भोकं पडली त्यात तुमच्या सारणीचा काही दोष नाही. तुम्ही ऑर्डर, म्हणजे आकाशाचे तुकडे किती बारीक करायचे तो आकडा, दिलीच नाहीत, म्हणून पिक्सफूटनं आपली ठरलेली १३ धरली. पिक्सफूट वापरतं त्या हीलपिक्स पद्धतीत आकाशाच्या गोलाचे आधी सारख्या क्षेत्रफळाचे १२ तुकडे करतात. ऑर्डर एकानं वाढली की प्रत्येक तुकड्याचे चार होतात. १३व्या ऑर्डरला पोचेपर्यंत ८० कोटी ५३ लाख तुकडे, म्हणजे पिक्सेल, होतात, एकेक साधारण २६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). हिप्पार्कोसच्या १९९७च्या सूचीत तारे किती, तर १,१८,२१८. प्रत्येकाला स्वतंत्र पिक्सेल मिळाला तरी आकाशाचा ०.०१५ टक्काच भरणार. तेवढे ठिपके तुम्हाला दिसले हेच नवल!

पहिल्या पावसाचे चार थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडतात, तेव्हा मोठ्या फरशीवर एखादा तरी थेंब असतोच. तेच अंगण बारीक टाइल्सचं असलं तर बऱ्याच टाइल्स कोरड्या राहतात. पाऊस खरं सगळ्या अंगणात पडलेला असतो.

याचं गणित पॉइसाँच्या सूत्रानं करता येतं. पिक्सेलमागं सरासरी किती तारे पडतात ते काढा. ती सरासरी १ असेल तर सुमारे ३७ टक्के पिक्सेल निव्वळ योगायोगानं रिकामे राहतात. सरासरी ३ असेल तर ५ टक्के, आणि ५ असेल तर एक टक्क्याहूनही कमी. आता हिप्पार्कोसला लावून बघा की. ऑर्डर ८ ला ७,८६,४३२ पिक्सेल, सरासरी ०.१५, म्हणजे जेमतेम १४ टक्के आकाश भरलेलं दिसेल. ऑर्डर ६ ला सरासरी २.४, तरी ९ टक्के भोकं. ऑर्डर ५ ला १२,२८८ पिक्सेल, सरासरी साडेनऊच्या वर. तिथं नकाशा भरतो. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून लांब तारे विरळ असल्यामुळं एखाददुसरा पिक्सेल तिथंही रिकामा राहिला तर घाबरू नका. किंमत एवढीच की ऑर्डर ५ चा पिक्सेल जवळजवळ दोन अंशांचा असतो, त्यामुळं नकाशाची कड तेवढी जाडीभरडी येते.

माझं म्हणणं मुख्यतः पुढं आहे. ताऱ्यांच्या यादीवरून केलेला नकाशा ‘इथं तारा सापडला’ एवढंच सांगतो. ‘इथं दुर्बिणीनं पाहिलं’ हे तो सांगत नाही, आणि व्याप्ती म्हणजे तर हे दुसरं. हिप्पार्कोसच्या बाबतीत हा फरक जास्तच जाणवतो, कारण त्या उपग्रहानं दिसेल तो तारा टिपला नाही. उड्डाणाआधीच तयार केलेल्या यादीतले तारे त्यानं १९८९ ते १९९३ या काळात मोजले. त्यामुळं तुमच्या नकाशातल्या रिकाम्या पिक्सेलचा अर्थ ‘तिथं पाहिलं नाही’ असा लावायला आधारच नाही. प्रोजेक्टमध्ये नकाशाखाली ऑर्डर लिहाच, आणि हा नकाशा सूचीतल्या स्थानांवरून केलाय हेही लिहा. ज्या सर्वेक्षणानं स्वतःच्या निरीक्षणक्षेत्राचा मॉक दिलाय, तिथं तोच घ्यावा, आपण तयार करत बसू नये.

आता आज्ञा. इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन लिपीत छोट्या अक्षरांत करा:

जावा -जार स्टिल्ट्स.जार पिक्सफूट इन=हिप.व्हीओटी ऑर्डर=५ मॉकएफएमटी=फिट्स आउट=हिप५.फिट्स

एवढंच. जावा असला की जुन्या लॅपटॉपवरही हे चालतं. सीएसव्हीच्या नादाला लागू नका, व्हिझिएरवरून व्हीओटेबल या प्रकारची फाइल उतरवा. त्यात एककं आणि कॉलमांची माहिती बरोबर येते आणि विषुवांश-क्रांतीचे, म्हणजे ताऱ्याच्या आकाशातल्या रेखांश-अक्षांशांचे, कॉलम स्टिल्ट्स स्वतः ओळखतं. ओळखलं नाही तर आरए= आणि डेक= असं लिहून कॉलमांची नावं द्या. व्हिझिएर मुळात ५०च ओळी देतं, ती मर्यादा आधी काढा. आणि विषुवांश अंशांतच पाहिजे. विषुवांश तासांतही मोजतात (२४ तास म्हणजे ३६० अंश), तसा कॉलम दिलात तर सगळं आकाश ० ते २४ अंशांच्या चिंचोळ्या पट्टीत गोळा होतं. तसा नकाशा दिसला की समजायचं. गॅलेक्टिक, म्हणजे आकाशगंगेच्या पट्ट्याला धरून मोजलेले, निर्देशांक असतील तर सारणी वाचतानाच तिच्यावर क्रिया करणाऱ्या आयसीएमडी= मध्ये अ‍ॅडस्कायकोऑर्ड्स हे फिल्टर लावून आधी रूपांतर करून घ्या.

ऑर्डर ठरवण्याआधी टीस्कायमॅप ही दुसरी आज्ञा चालवून बघण्यासारखी आहे. टाइलिंग=एचपीएक्स५ दिलं की ती पिक्सेलमागं किती तारे आहेत ते मोजून देते. सरासरीवर विसंबण्यापेक्षा सगळ्यात विरळ भागातला आकडा बघून ऑर्डर ठरवलेली बरी.

बेळगावचा अक्षांश साधारण १५.८५ उत्तर. म्हणजे क्रांती उणे ७४ अंशांपर्यंतचं आकाश कधी ना कधी क्षितिजावर येतं, हिशेबानं ९८ टक्के. खरं क्षितिजाला टेकलेल्या ताऱ्याचा कॅमेऱ्याला उपयोग नाही. निदान ३० अंश उंची हवी म्हटलं तर क्रांती उणे ४४ ते अधिक ७६ एवढा पट्टा उरतो, आकाशाचा सुमारे ८३ टक्के. हा पट्टा आयसीएमडी= मध्ये सिलेक्टची अट घालून वेगळा करता येतो.

फोटोंचा नकाशा मात्र खरोखरचा व्याप्तीचा नकाशा होईल, कारण तिथं कुठं पाहिलं हे तुम्हालाच माहीत आहे. प्रत्येक ओळीत फोटोच्या मध्याचा विषुवांश आणि क्रांती लिहा, आणि रेडियस= मध्ये अंशांत त्रिज्या द्या. इथं ताऱ्यांच्या गर्दीचा प्रश्नच नाही, त्यामुळं ऑर्डर ९ किंवा १० बिनधास्त ठेवा. अडचण एकच: पिक्सफूट वर्तुळ काढतं आणि फोटो असतो आयताकृती. २०० मिमी लेन्स आणि २२.३ × १४.९ मिमी सेन्सर असेल तर चौकट ६.४ × ४.३ अंशांची येते. तिच्यात मावणारं वर्तुळ २.१ अंश त्रिज्येचं, आणि त्यात जवळजवळ निम्मा फोटो बाहेर राहतो. अंदाजाला ते चालेल. काटेकोर पाहिजे असेल तर पायथनमधलं मॉकपाय वापरा, त्यात चार कोपरे देऊन बहुभुज काढता येतो.

खानापूरजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर पावसामुळं आकाश बंदच असतं. त्या महिन्यांत मध्यरात्री माथ्यावर येतो तो साधारण १७ ते २४ तासांच्या विषुवांशाचा भाग, धनु रास आणि आकाशगंगेचं केंद्र त्यातच. ग्रुपमधले सगळे रात्री बाराला आवरून घरी जाणारे असतील तर तुमच्या नकाशात बरोबर तिथं खिंडार पडलेलं दिसेल. मार्च-एप्रिलच्या पहाटे उठलात तर धनु भरून निघतो, आणि पुढचा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी. हिप्पार्कोसमधले कोणते तारे तुमच्या फोटोंत आलेत हे काढायला स्टिल्ट्सच्याच टीपाइप आज्ञेत सिलेक्ट लावून इनमॉक हे फंक्शन वापरा: त्याला मॉकची फाइल, विषुवांश आणि क्रांती एवढं दिलं की पुरे.