फायबरवरची लँडलाइन लाइट गेल्यावर बंद का पडते?

तुम्ही विचारलंय की नौपाड्यात आई-वडिलांकडे तांब्याच्या तारेची लँडलाइन जाऊन फायबर आलं आणि आता लाइट गेली की फोन बंद. मोडेममधल्या टेलिफोन पोर्टची सेटिंग बदलून हे सुटेल का?

सेटिंगने नाही सुटणार. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून त्याच तारेतून यायची. फायबरमधून फक्त प्रकाश येतो. डायल टोन आणि रिंग आता घरातला मोडेमच तयार करतो. काही ऑफिसच्या गेटवेंमध्ये, म्हणजे फोन इंटरनेटला जोडणाऱ्या पेट्यांमध्ये, पॉवर फेल्युअरची सोय असते, पण तिथे लाइट गेली की रिले, म्हणजे आपोआप फिरणारा स्विच, फोनला थेट तांब्याच्या लाइनवर टाकतो. तुमच्याकडे ती लाइनच उरलेली नाही.

तेव्हा मोडेमला मिनी यूपीएस, म्हणजे छोटा बॅटरी बॅकअप, लावा. आधी अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकदा १२ व्होल्ट असतं. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतील. पिनची जाडी आणि प्लस-मायनस जुळतंय ना, तेही बघा. यूपीएसच्या खोक्यावर बॅटरीची क्षमता ८००० एमएएच लिहिलेली असते, त्यावर मात्र जाऊ नका. हा आकडा सहसा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे जेमतेम ३० वॉट-तास. मोडेम ८ वॉट घेत असेल तर तीन तास धरून चाला. राउटर वेगळा असेल आणि फोन त्याला जोडलेला असेल, तर बॅकअप दोघांनाही लागेल.

कॉर्डलेस फोन ठेवू नका. त्याच्या बेसला स्वतःची वीज लागते, त्यामुळे मोडेम चालू असूनही फोन मुकाच राहतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरी साधा वायरवाला फोनच हवा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

पोर्ट दोन असतील तर नंबर बहुधा एकावरच चालू असतो. डायल टोन नसेल तर आधी दुसऱ्यात पिन घालून बघा. भिंतीतली जुनी वायर वापरायची असेल तर बाहेरून येणारी जुनी तारांची जोडी डबीतून आधी सोडवा, नाहीतर मोडेमचा पोर्ट जाऊ शकतो.

सगळं झालं की मेन स्विच पाडून मोबाइलवरून लँडलाइनला फोन लावा. अख्ख्या बिल्डिंगची लाइट जाईल तेव्हा परत लावा. कनेक्शन केबलवाल्याचं असेल आणि त्याचा नेटवर्क स्विच (घराघरांत इंटरनेट वाटणारी पेटी) जिन्यातल्या सॉकेटवर असेल, तर घरचा यूपीएस असूनही फोन लागणार नाही. मग त्या स्विचला बॅकअप द्यायला त्यालाच सांगावं लागेल.