तब्येत ठणठणीत, मग गोळी कशाला?

प्रश्न : माझे यजमान हर्णैला ट्रॉलरवर तांडेल आहेत. त्यांना एचआयव्ही आहे, मी निगेटिव्ह. तब्येत सुधारल्यापासून ते समुद्रावर जाताना गोळ्या घरीच ठेवतात. खलाशांनी पाहिलं तर, ही भीती. काय करू?
– एक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : ताई, तब्येत सुधारली ती गोळ्यांमुळेच. त्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधालाही दाद देईनासा होऊ शकतो.

तुमच्यासारख्याच जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला, ‘एचपीटीएन ०५२’. १,७६३ जोडपी, ९ देश. मलावी, झिम्बाब्वे, केनिया आणि आपलं पुणे, चेन्नईसुद्धा. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये दिसलं. रक्तातला विषाणू दबलेला होता, तेव्हा त्या जोडीदाराकडून एकही लागण आढळली नाही. गरीब देशांतल्या माणसांनी जगाला दिलेलं हे ज्ञान आहे, मला त्याचं फार मोल वाटतं. म्हणजे यजमानांची रोजची गोळी तुमचंही रक्षण करते. हे त्यांना जरूर सांगा.

डबीवरचं लेबल काढा, पण गोळ्या कागदात बांधून देऊ नका. डबीत ओल शोषणारी पुडी असते, खाऱ्या हवेत ती हवीच. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरवा. फेरी लांबणार असेल तर एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात) आधी सांगून जास्तीच्या गोळ्या मागा. तिथे त्या मोफतच मिळतात. यजमानांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासून घ्या; विषाणू दबल्याचं कळेपर्यंत निरोध वापरा. तुमची तपासणीही दर सहा महिन्यांनी करा.