लेखक व्हायचंय, तर टीनएजर्ससाठीच्या व्हॅम्पायर-भुतांच्या कादंबऱ्या वाचण्यात वेळ घालवावा का?

हो, वाचा, आणि लपवून वाचू नका. मी स्वतः कथा लिहिते आणि या पुस्तकांतून खूप शिकलेय.

अमेरिकन लेखिका स्टेफनी मेयरचंच बघा, २ जून २००३ ला तिला स्वप्न पडलं, जंगलातल्या मोकळ्या गवतात एक मुलगी आणि एक व्हॅम्पायर बोलतायत, घरात तीन लहान मुलं, तरी तिने त्याच दिवशी तो सीन लिहून काढला आणि साधारण तीन महिन्यांत कादंबरी पूर्ण केली, २००५ ला 'ट्वायलाइट' आलं. आणि तो स्वप्नातला सीन पुस्तकात थेट तेराव्या प्रकरणात येतो! म्हणजे सुरुवातीपासूनच लिहायला पाहिजे असं काही नाही, जे डोळ्यासमोर लख्ख दिसतंय ते आधी लिहा, बाकीचं नंतर जोडता येतं. हे कळलं तेव्हा माझी अडकलेली कथा सुटली होती.

दुसरं म्हणजे जागा. तिच्या व्हॅम्पायरची कातडी उन्हात चमकते, त्यामुळे त्यांना उन्हात लोकांसमोर येता येत नाही, म्हणून तिने अमेरिकेतलं खूप पावसाचं गाव शोधलं, वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स. एका नियमावरून गाव, हवा, मूड सगळं ठरलं ना.

फक्त वाचताना पेन्सिल हातात ठेवा, कुठे भीती वाटली, कुठे कंटाळा आला तिथे खूण करा आणि दुसऱ्यांदा वाचताना तेवढंच बघा. भाषा मात्र यातून मिळणार नाही हं, विशेषतः मराठीत लिहिणार असाल तर, त्यासाठी सोबत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या मराठी भयकथा-गूढकथा वाचाच.