मार्गिका मंजूर झाली, मग गाडी कधी? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उपनगरी रेल्वेच्या विस्ताराबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. ठाण्यापलीकडची पत्रे सर्वाधिक आली.

प्रश्न : कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९मध्ये मंजूर झाली. ती होईपर्यंत आहे त्याच रुळांवर फेऱ्या का वाढवत नाहीत? – एक प्रवासी, बदलापूर

थोड्याफार वाढतील, पण सकाळी डब्यात शिरताना फरक जाणवेल इतक्या नाहीत. तीन मिनिटांना एक गाडी धरली तर एका रुळावरून तासाला २० गाड्या जातात. १२ डब्यांच्या लोकलमध्ये सुमारे १,२०० आसने असतात. उभे प्रवासी धरून नियोजनात साडेतीन हजार मोजतात, गर्दीच्या वेळी प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त चढतात. साडेतीन हजारांनीच मोजले तरी तासाला ७०,००० माणसे होतात. हा हिशेब मात्र सगळ्या गाड्या एकाच वेगाच्या आणि एकाच थांब्यांच्या असतील तरच जमतो.

तुमच्या सुमारे १४ किलोमीटरच्या पट्ट्यात तसे नाही. दोनच रुळांवर कर्जतच्या लोकल, पुण्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथला थांबत जाते. तिच्या मागून सुटलेली एक्स्प्रेस अर्ध्या वाटेत तिला गाठते, म्हणून एक्स्प्रेसच्या पुढे मोकळी जागा ठेवावी लागते. मालगाडी हळू उचल घेते, तेव्हा जागा तिच्या मागे सोडावी लागते. अशा प्रत्येक गाडीपायी लोकलच्या दोन-तीन फेऱ्यांची जागा वाया जाते. तिसरी-चौथी मार्गिका हवी ती लांब पल्ल्याच्या गाड्या बाजूला काढायला. लोकल बहुतांशी जुन्याच रुळांवर धावतील, पण मध्ये कोणी येणार नाही.

दुसरी अडचण कल्याणची. तिथे कसारा आणि कर्जत हे फाटे फुटतात. एक गाडी फाटा ओलांडत असताना दुसरीला बाहेरच्या सिग्नलवर थांबावे लागते. कल्याण यार्डाची फेररचना या मार्गिकेबरोबरच मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या, म्हणजे एमयूटीपीच्या, ३ए संचात आहे आणि आमच्या मते तिची प्रगती मार्गिकेइतकीच बारकाईने पाहायला हवी. यार्ड मागे राहिले तर नव्या रुळांवरून वेळेत आलेली गाडी कल्याणच्या तोंडाशी उभी राहील.

मधल्या काळातला खरा उपाय १५ डब्यांचा. त्याने एका फेरीत २५ टक्के जागा वाढते. पण ही गाडी तीनशे मीटरच्या वर जाते, त्यामुळे फलाट लांबवावा लागतो. त्याबरोबर फलाटाच्या टोकाचा सिग्नल आणि गाडी रूळ बदलते ते पुढचे सांधे सरकवावे लागतात, रात्री गाडी उभी करायचे रूळही वाढवावे लागतात. फलाटाला लागून पूल किंवा फाटक असले की काम तिथेच अडते.

प्रश्न : हे प्रकल्प ‘केंद्राचे’ की ‘राज्याचे’? आणि परदेशी कर्ज फेडतो कोण? – डोंबिवली

दोघांचे, निम्मे-निम्मे. त्यासाठीच १९९९मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के. एमयूटीपीच्या प्रकल्पांचा भांडवली खर्च दोघे वाटून घेतात. गाड्या चालवण्याचा खर्च आणि त्यातली तूट रेल्वे सोसते.

परदेशी बँकेशी करार करते ते भारत सरकार. पहिल्या दोन टप्प्यांना जागतिक बँकेचे कर्ज होते. १०,९४७ कोटींच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२०मध्ये आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेशी ५० कोटी डॉलरचा करार झाला, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेतीन हजार कोटींच्या वर. ही रक्कम एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते. उरलेले दोन्ही सरकारांच्या तिजोरीतून यायचे. परतफेडीला हातभार म्हणून मुंबईच्या उपनगरी तिकिटावर एमयूटीपी अधिभार लावला गेला. म्हणजे काही भाग तुम्हीच फेडता.

कर्जापेक्षा कर्जाबरोबर येणाऱ्या अटींचा परिणाम जास्त होतो. पहिल्या टप्प्यात रुळांलगतच्या आणि नव्या रस्त्यांच्या आड येणाऱ्या हजारो कुटुंबांना हलवायचे होते. प्रत्येक पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर द्यायचे ठरले. शासनाने त्यातली बरीच घरे रोख पैसे न मोजता बांधली: बिल्डरने घरे बांधून द्यायची आणि बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर घ्यायचा; तो दुसरीकडे जादा बांधकामाला वापरता किंवा विकता येतो. पैशाची अडचण सुटली, पण वस्त्या जिथे जमीन मिळाली तिथे गेल्या. दुकानदारांचे पुनर्वसन आणि नव्या इमारतींची अवस्था यांवर तक्रारी झाल्या. जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाने चौकशी केली आणि मार्च २००६मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचे पैसे काही महिने रोखले. तेव्हापासून पुनर्वसनाचा आराखडा कामाच्या निविदेआधी तयार ठेवायचा, हे प्रत्येक जाणकार अधिकारी सांगतो. पाळले जाते का, हा वेगळा प्रश्न.

प्रश्न : दिवा–ठाणे पाचवी-सहावी मार्गिका नऊ-दहा किलोमीटरचीच. तिला इतकी वर्षे का लागली? – दिवा

मंजुरी २००८च्या सुमारास एमयूटीपी २मध्ये मिळाली आणि मार्गिका फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली. त्यात नुसते रूळ अंथरण्याचे काम सर्वांत कमी वेळेचे. मुंब्र्याचा डोंगर, खाडी, रुळांकाठची घरे यांतच वर्षे गेली. शेवटी उरते ते नवे रूळ चालू रुळांना जोडणे, आणि ते ब्लॉकशिवाय, म्हणजे काही तास गाड्या बंद ठेवल्याशिवाय, होत नाही. लहान ब्लॉक घेत घेत अखेर ७२ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला. ब्लॉक म्हणजे लाखो प्रवाशांचे हाल, म्हणून परवानगी सुट्टीच्या दिवसांतच मिळते. तो दिवस पावसात गेला किंवा आधीच्या कामाचा एक तुकडा राहिला, तर पुढची तारीख महिन्यांनी लांबते. फळ मात्र मिळाले. उद्घाटनाबरोबर मध्य रेल्वेवर ३६ फेऱ्या वाढल्या. त्यातल्या ३४ वातानुकूलित होत्या, आणि त्यावरून तुमच्या भागात राग होता, तो समजण्यासारखा आहे.

प्रश्न : विरार–डहाणू चौपदरीकरण आणि पनवेल–कर्जत दोन्ही २०१६मध्ये मंजूर झाले. त्यांत अवघड कोणते? – पालघर

अभियांत्रिकी पनवेल–कर्जतची अवघड, परवानग्या विरार–डहाणूच्या. पनवेल–कर्जत सुमारे ३० किलोमीटरचा, पनवेल, चिखले, मोहपे, चौक आणि कर्जत अशी पाच स्थानके. वाटेत नढाळ, किरवली आणि वावर्ले येथे बोगदे. त्यांतला वावर्ल्याचा २,६२५ मीटर लांब. बोगद्यात खडी न वापरता काँक्रीटवर रूळ बसवतात, कारण आत खडीची देखभाल कठीण. विरार–डहाणूचे ६४ किलोमीटर बहुतेक सपाटीचे, पण वैतरणेचे पूल आणि खारफुटी आडवी येते. उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीही खारफुटी तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. वनखाते आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांच्या मंजुऱ्या त्याआधीच्या. कंत्राटदार नेमून मग परवानगीची वाट पाहिली, तर यंत्रे पडून राहतात आणि दावे वाढतात.

प्रश्न : पुण्यात मेट्रोला हजारो कोटी, मग लोणावळा लोकल १९७८पासून दोनच रुळांवर का? – तळेगाव दाभाडे

कारण दोघांची खाती वेगळी. मेट्रो केंद्रीय नगरविकास मंत्रालयाकडे येते, लोकल रेल्वे मंत्रालयाकडे. मेट्रोसाठी २०१७चे ठरलेले धोरण आहे आणि त्यात पैशाचे तीन रस्ते लिहून दिले आहेत: केंद्र-राज्य निम्म्या भागीदारीची कंपनी, केंद्राचे ठोक अनुदान, किंवा खासगी भागीदारीत तुटीपुरते साहाय्य. पुण्यात महामेट्रो कंपनीच्या पहिल्या दोन मार्गिका पहिल्या रस्त्याने झाल्या, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक आणि फ्रान्सची विकाससंस्था एएफडी यांच्या कर्जासह. हिंजवडी–शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची मार्गिका तिसऱ्या रस्त्याने, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणामार्फत (पीएमआरडीए).

त्या धोरणात प्रकल्पाने समाजाला वर्षाला किमान १४ टक्के आर्थिक परतावा द्यावा अशी अट आहे. तिकिटाच्या उत्पन्नापलीकडे वाचलेला वेळ, इंधन, टळलेले अपघात हेही त्यात धरतात. दैनंदिन प्रवासी फुगवून दाखवण्याचा मोह इथेच होतो. अहवाल हाती आला तर आधी पाहा : बसने स्थानकापर्यंत येणारे किती धरले आहेत, आणि ती बस आज धावते का.

शिवाय मेट्रोला स्थानिक उत्पन्न जोडलेले आहे. एप्रिल २०२२पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपुरात घरखरेदीवर एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. ६० लाखांच्या घरावर ६० हजार रुपये. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकामाची मुभा, देऊन त्याचे अधिमूल्यही (प्रीमियम) घेतले जाते. लोणावळा लोकलच्या स्थानकांभोवती असे काहीच नव्हते. त्यामुळे ६४ किलोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेत राज्याने निम्मा वाटा उचलायचा म्हटले की महापालिका आणि पीएमआरडीए यांनी किती द्यायचे यावर गाडी बरीच वर्षे अडली. तळेगाव, वडगावजवळ बांधकामे वाढत असतानाच हे अधिमूल्य ठरवले असते तर आज हाती काही असते. आता जमीन महाग झाली आणि तिजोरी रिकामी.

नव्या मुंबईत हे वेळेवर झाले. मानखुर्द–वाशी (मे १९९२) आणि पुढच्या पनवेल मार्गाचा ६७ टक्के खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. जमीन सिडकोच्या हाती होती, रेल्वे येणार म्हणून तिचा भाव चढला आणि तो भाव सिडकोला मिळाला. त्याच सूत्रावरचा उरण मार्ग मात्र खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८मध्ये आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४मध्ये पोहोचला. पुढच्या गावांतल्या जमिनी हाती नव्हत्या.

प्रश्न : आमच्या शेतातून मार्गिका जाणार म्हणतात. खरे-खोटे कसे कळेल आणि काय करावे? – कर्जत तालुका

वर्तमानपत्रातल्या नकाशावर जाऊ नका. प्रकल्प ‘विशेष रेल्वे प्रकल्प’ म्हणून अधिसूचित असेल तर रेल्वे कायद्याच्या कलम २०अ खाली संपादनाच्या इराद्याची अधिसूचना निघते आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातले एक मराठी. तीत तुमचा गट क्रमांक आहे का ते पाहा. हरकत लेखी आणि ३० दिवसांच्या आत द्यायची, पोच घ्यायची. हरकतीत ‘जमीन देणार नाही’ इतकेच लिहून उपयोग नसतो. विहीर, बोअर, झाडे, पाइपलाइन, उरलेल्या तुकड्याला वाट राहते का, पावसाचे पाणी कुठे अडेल, हे क्रमाने लिहा आणि फोटो जोडा.

पुढे कलम २०ई खाली घोषणा निघाली की जमीन शासनाची होते. २०अ नंतर एका वर्षात ही घोषणा झाली नाही तर आधीची अधिसूचना रद्द होते. मोबदल्याचा निवाडा घोषणेपासून एका वर्षात व्हायचा. २०१५पासून मोबदला २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या दराने मिळतो. थेट खरेदीचा प्रस्ताव आला तर दर त्याच्याशी ताडून पाहा, सहीची घाई करू नका.

सातबारावर मयत वडिलांचे नाव असेल, वाटणी तोंडी असेल, तर फेरफार आत्ताच करून घ्या. निवाडा झाल्यावर वाद निघाला की मोबदला वादात अडकतो आणि भाऊ-भाऊ तारखांना जातात.

प्रकल्पाला यंदा पैसे आहेत का, हे रेल्वेच्या ‘पिंक बुक’मध्ये दिसते. अर्थसंकल्पाबरोबर ते संकेतस्थळावर येते. तुमच्या विभागीय रेल्वेच्या यादीत ‘महानगर परिवहन प्रकल्प’ या शीर्षाखाली पाहा. रकमा हजारांत असतात, हे विसरू नका. कामासमोर नुसता १ दिसला तर त्याचा अर्थ एक हजार रुपये, म्हणजे काम यादीतून काढलेले नाही, पण यंदा होणारही नाही.