नाचता नाचता दोन खून

प्रश्न : मी दोन महिन्यांपासून साल्साच्या क्लासला जातेय. तिथे 'पेद्रो नावाहा' हे गाणं सारखं लागतं. सर म्हणाले की हे गाणारा माणूस वकील आहे आणि मंत्रीपण होता. खरंय का, की उगाच थापा? आणि गाणं आहे तरी कशावर? आमच्यात कुणालाच स्पॅनिश येत नाही.

उत्तर : थापा नाहीत हो, सरांनी उलट कमीच सांगितलंय. हा रुबेन ब्लेड्स, जन्म 1948 चा, पनामा सिटीतला. आडनाव इंग्रजी वाटतं कारण आजोबा सेंट लुसिया बेटावरचे. आई क्युबाची, ती गायची आणि पियानो वाजवायची, वडील बोंगो वाजवायचे आणि पोलिसातही होते, म्हणजे गाणं आणि गुन्हेगारांच्या गोष्टी दोन्ही घरातच!

पनामात लॉ केलं, पण 1974 ला न्यूयॉर्कला आल्यावर काम काय मिळालं तर फानिया रेकॉर्ड्समध्ये टपाल सांभाळायचं. साल्साची सगळ्यात मोठी कंपनी ती, आणि हा वकील तिथे पाकिटं वाटतोय. मग कोंगावादक रे बारेट्टोच्या बँडमध्ये गायला लागला आणि पुढे ट्रॉम्बोनवाला विली कोलोन भेटला. दोघांचा 1978 चा 'सिएम्ब्रा' हा अल्बम साल्साच्या इतिहासातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांपैकी एक, आणि तुमचं गाणं त्यातलंच.

आता गोष्ट ऐका. पेद्रो हा गुंड, टोपी तिरकी, काळा चष्मा, सोन्याचा दात चमकतोय, खिशात सुरा. रस्त्यावर गिऱ्हाईक शोधत फिरणारी एक बाई दिसते, हा धावत जाऊन तिला भोसकतो आणि हसतो, तेवढ्यात ती रिव्हॉल्व्हरनं त्याला उडवते. दोघंही खलास. एवढा आवाज झाला तरी कुणी बाहेर येत नाही, काय झालं म्हणून कुणी विचारत नाही, फक्त एक दारुडा दोन प्रेतांना अडखळतो, रिव्हॉल्व्हर, सुरा, पैसे सगळं उचलतो आणि बेसूर गात निघून जातो, की आयुष्य काय धक्के देईल सांगता येत नाही. सात मिनिटांच्या वर चालतं हे, आणि लोक त्यावर गिरक्या घेतात :) मूळ प्रेरणा जर्मन नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइलच्या 'मॅक द नाइफ' ह्या गाण्याची, पण ही गल्ली, ही माणसं पक्की लॅटिन.

माझ्या मते ब्लेड्सची खरी करामत हीच. साल्साच्या गाण्यात आधी कडवी येतात आणि मग मोन्तुनो, म्हणजे कोरस एकच ओळ परत परत म्हणतो आणि गायक मधेमधे भर घालतो. ब्लेड्सनी त्या आधीच्या भागात अख्खी कथा बसवली, ताल जराही न सोडता. दारुड्याची ती ओळ मग सगळा कोरस उचलतो आणि तुम्हीही हसत हसत तीच गुणगुणता. 1981 मध्ये 'तिबुरोन' आलं, कॅरिबियन समुद्रातल्या शार्कचं रूपक, रोख अमेरिकेच्या ढवळाढवळीवर, त्यावरून मायामीत भरपूर बोंबाबोंब झाली.

बाकीचं पटकन सांगते. 1985 ला हार्वर्डमधून कायद्याची मास्टर्स, मग हॉलीवूडमध्ये कामं, 1994 ला स्वतःचा पक्ष काढून पनामाच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभा, आला तिसरा. 2004 ते 2009 पर्यटनमंत्री. सरांचं बरोबर आहे!

प्रश्न : 'एल कान्तान्ते' हे गाणं पण ब्लेड्सचंच ना? मग ते साल्सा गायक एक्तोर लावोच्या नावावर का?

उत्तर : लिहिलं ब्लेड्सनीच, पण 1978 मध्ये रेकॉर्ड केलं लावोनी. लोक गायकाला टाळ्या देतात पण त्याचं दुःख कुणी विचारत नाही असं ते गाणं, आणि लावोचं आयुष्य ड्रग्जपायी तेव्हाच घसरत चाललेलं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती त्याचीच कहाणी वाटली. इतकं चांगलं गाणं हातचं सोडायला मला तरी जीवावर आलं असतं. पण दोघांचंही ऐकून बघा, लावोचा आवाज लागला की कळतं की गाणं योग्य घरी गेलं.