बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मानयादीत) गेलेला पहिला रिलीफ पिचर कोण, आणि त्याचं एवढं काय विशेष?

हॉइट विल्हेम. 1985 साली त्याला हा मान मिळाला. रिलीफ पिचर म्हणजे सुरुवातीचा पिचर थकला किंवा मार खाऊ लागला की मधेच आणला जाणारा गोलंदाज. त्या काळी हे काम दुय्यम समजलं जायचं. विल्हेमने त्यातच नाव कमावलं.

नॉर्थ कॅरोलिनाचा हा माणूस दुसऱ्या महायुद्धात जखमी झाला होता. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, तो आला 1952 मध्ये, न्यूयॉर्क जायंट्सकडून, वयाच्या 29व्या वर्षी! बॅटिंगच्या पहिल्याच संधीला त्याने होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला, आणि 21 हंगामांच्या कारकिर्दीत पुन्हा एकही नाही.

त्याचं खरं अस्त्र नकलबॉल. बोटांच्या टोकांनी धरून टाकलेला हा चेंडू जवळजवळ फिरतच नाही, त्यामुळे हवेत कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तो झेलणाऱ्या कॅचरचे तर हालच व्हायचे. शेवटी 1960 मध्ये बाल्टिमोर संघाचे मॅनेजर पॉल रिचर्ड्स यांनी कॅचरसाठी भलामोठा ग्लोव्ह बनवून घेतला. या चेंडूने हाताला ताण कमी पडतो, म्हणूनच तो पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत, 1972 पर्यंत खेळू शकला. एकूण 1070 सामने. हजाराचा टप्पा गाठणारा पहिला पिचर तोच.

मला सगळ्यात भावतं ते 1958 चं: सुरुवातीपासून पिचिंगची संधी मिळाली तेव्हा त्याने बलाढ्य न्यूयॉर्क यांकीज संघाला एकही हिट (बॅटने चेंडू मारून सुरक्षितपणे बेस गाठणं) मिळू दिली नाही, सामना 1-0 ने जिंकला.